बूनार्गाचे सभागृह : एका करड्या पतंगाचा इतिहास

१/ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात चिंचिला नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. तेथून जवळच बूनार्गा या छोट्या वस्तीत रस्त्याच्या कडेला लाकडी बांधणीचे एक साधे सभागृह उभे आहे. आसपासच्या शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये ते उभारले. त्या देशातील खेड्यापाड्यांत अशी सभागृहे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी अनेक युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ आहेत. बूनार्गाच्या सभागृहाचे नाव मात्र ‘कॅक्टोब्लास्टिस स्मृती सभागृह’ असे आहे. कॅक्टोब्लास्टिस हा कोणी सेनापती नव्हे. तो बोटाच्या दोन पेरांएवढा, मातकट रंगाचा पतंग आहे.

२/ ज्या पतंगाचे येथे कृतज्ञतेने स्मारक झाले, त्याच पतंगाला शोधून ठार मारण्यासाठी सत्तर वर्षांनी मेक्सिकोच्या सरकारने एका बेटावर पथके उतरवली. या दोन घटनांमधील अंतर पतंगाने नव्हे, माणसाने निर्माण केले. आजचा धागा त्याविषयी आहे. वाटेत आपल्याला मद्रास आणि कलकत्ता ही शहरेही लागतील. ती ओढूनताणून आणलेली नाहीत.

३/ प्रथम नायकाची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम. ब्वेनोस आइरेस येथे काम करणाऱ्या कार्लोस बर्ग या कीटकशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. पंख पसरल्यावर रुंदी सुमारे अडीच ते चार सेंटीमीटर. मादी नरापेक्षा थोडी मोठी. पुढचे पंख करडे-तपकिरी, त्यांवर पुसट काळपट ठिपके आणि नागमोडी रेषा. मागचे पंख पांढुरके. प्रौढ पतंग काही खात नाही आणि जेमतेम आठवडा-दीड आठवडा जगतो. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या शंभर पाखरांत तो मिसळला, तर आपण त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही.

४/ खरी करामत अंड्यांची आणि अळ्यांची. मादी सत्तर ते नव्वद अंडी एकावर एक रचून त्यांची बारीक काडी तयार करते आणि ती निवडुंगाला चिकटवते. ही काडी हुबेहूब काट्यासारखी दिसते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या एकजुटीने एकाच जागी भोक पाडून फड्याच्या आत शिरतात. एकट्यादुकट्या अळीला ते साधत नाही, कारण निवडुंगाला जखम होताच बुळबुळीत चीक वाहू लागतो आणि अळी त्यात अडकून मरते. आत गेल्यावर त्या गर पोखरत एका फड्यातून दुसऱ्यात सरकतात. मोठी झालेली अळी नारिंगी-तांबडी असते आणि तिच्या अंगावर काळे पट्टे असतात. मागे उरते ती पारदर्शक साल. जखमांतून बुरशी आणि जिवाणू शिरतात, आणि माणसाला कुऱ्हाडीने आवरेना असे झाड हिरवट चिखलासारखे जमिनीवर बसते.

५/ या अळीचे अन्न एकच: फड्या निवडुंग, म्हणजे ओपुंशिया, आणि त्याचे अगदी जवळचे भाऊबंद. गहू, मका, भाजीपाला, फळझाडे यांवर ती ठेवून पाहिली, तर ती उपाशी मरते. पतंगाचा मूळ प्रदेश उत्तर अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग. तेथे निवडुंग आहे, पतंग आहे, आणि पतंगाच्या अळ्यांवर जगणारे परजीवी कीटकही आहेत. तिघांचा संसार शतकानुशतके चालला आहे आणि कोणी कोणाचा निर्वंश करत नाही. ‘एकच अन्न’ ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सारे यश आणि सारा अनर्थ तिच्यातूनच येतो.

६/ आता प्रश्न असा, की अमेरिका खंडाचा हा निवडुंग ऑस्ट्रेलियात आणि भारतात पोहोचला कसा? उत्तर आहे, रंगासाठी. फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचा पांढऱ्या मेणचट कापसाने झाकलेला बारीक कीटक वाढतो. तो सुकवून कुटला की गडद लाल रंग मिळतो. मेक्सिको स्पेनच्या ताब्यात असल्याने या व्यापाराच्या किल्ल्याही स्पेनच्याच हाती होत्या. (मराठीतला ‘किरमिजी’ हा शब्दही एका रंग देणाऱ्या किड्यावरूनच आला आहे, पण तो जुन्या जगातला, ओकवृक्षावर जगणारा किडा. कोचिनीलने पुढे त्याची बाजारपेठ बळकावली.)

७/ इंग्रजांना हा रंग हवा होता. १७८७ मध्ये कैदी घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघालेला पहिला ताफा रिओ द जानेरो येथे थांबला, तेव्हा कॅप्टन आर्थर फिलिप यांनी कोचिनीलसकट निवडुंगाची रोपे गलबतावर घेतली. इंग्रज सैनिकांच्या लाल डगल्यांसाठी हा खटाटोप होता, असे सर्वत्र सांगितले जाते. त्यात एक दुरुस्ती करायला हवी: साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठाने रंगवला जाई, कोचिनीलचा झळझळीत लाल रंग अधिकाऱ्यांच्या वाट्याला येई.

८/ त्याच सुमारास मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य डॉ. जेम्स अँडरसन याच ध्यासाने झपाटले होते. लाल रंगाचा किडा आपल्याला मद्रासच्या परिसरातच सापडला, अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी सर जोसेफ बँक्स यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. ती समजूत फोल ठरली. तरी त्यांच्या आग्रहातून सैदापेठ येथे निवडुंगांची एक खास बाग उभी राहिली. बाग तयार होती, पाहुणा तेवढा यायचा होता.

९/ पाहुणा १७९५ मध्ये आला. कॅप्टन नील्सन यांनी रिओहून कोचिनीलचे किडे कलकत्त्यास आणले आणि ते वाढले, पसरले, मद्रासलाही गेले. मात्र ती उत्तम रंग देणारी, पाळीव जात नव्हती. तिचा रंग हलका निघाला आणि कंपनीचा व्यापार बसला. परंतु या चुकीच्या किड्याने एक भलतेच काम करून दाखवले. हिंदुस्थानात कुंपणासाठी लावलेली ओपुंशिया मोनाकँथा ही निवडुंगाची जात त्याने जेथे गाठली, तेथे झपाट्याने संपवली. पुढे दक्षिणेत आणि १८६५च्या सुमारास श्रीलंकेत हा किडा निवडुंग मारण्यासाठीच मुद्दाम नेऊन सोडण्यात आला. तणाविरुद्ध कीटक वापरण्याच्या जगातील पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. रंगाच्या लोभातून तणनाशक हाती लागले, ते असे.

१०/ ऑस्ट्रेलियाला मात्र दुसऱ्याच जातीने ग्रासले. १८३९ मध्ये निवडुंगाचे एक रोप कुंडीत लावून न्यू साउथ वेल्समधील स्कोन या गावी नेण्यात आले, अशी नोंद आहे. ही जात ओपुंशिया स्ट्रिक्टा. गुरांसाठी आयते कुंपण आणि दुष्काळात चारा म्हणून लोकांनी तिचे फडे हौसेने एकमेकांना दिले. फडा मातीला टेकला की मुळे फुटतात. बोंडे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. दुष्काळ पडला तरी झाड जगते आणि पूर आला तर तुटलेले फडे वाहत जाऊन नव्या जागी रुजतात.

११/ १९०० साली निवडुंगाखाली सुमारे एक कोटी एकर जमीन होती. १९२५ मध्ये ती सहा कोटी एकरांवर गेली. हा आकडा डोळ्यांसमोर येण्यासाठी आपल्याच राज्याचा नकाशा घ्या: महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक. त्यातील निम्म्या भागात तर निवडुंग इतका दाट होता की माणूस किंवा जनावर आत शिरू शकत नसे. कुटुंबे घरेदारे सोडून निघून गेली आणि रिकाम्या घरांच्या ओसरीपर्यंत फडे येऊन टेकले.

१२/ उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. तोडून जाळले, रुळांखाली चिरडले. आर्सेनिकची विषे टोचली, फवारली. पण विषाचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त होई. क्वीन्सलँड सरकारने १९०१ मध्ये खात्रीचा उपाय सांगणाऱ्यास ५,००० पौंडांचे बक्षीस लावले आणि १९०७ मध्ये ते १०,००० पौंड केले. ते कोणालाच मिळाले नाही. पुढे तर बोंडे खाऊन बिया पसरवतात म्हणून एमू पक्ष्यांच्या डोक्यावर इनाम लावले गेले. निवडुंग आणला माणसाने, वाटला माणसाने आणि शिक्षा झाली पाखरांना!

१३/ १९१२ मध्ये क्वीन्सलँड सरकारने दोन शास्त्रज्ञांना जगभर फिरून निवडुंगाचे शत्रू शोधण्यास धाडले. हेन्री ट्रायन आणि टी. हार्वी जॉन्स्टन ही त्यांची नावे. त्यांच्या दौऱ्यात श्रीलंका आणि भारत हे देश होते, कारण मद्रासच्या त्या फसलेल्या रंगप्रयोगाची हकीकत त्यांना ठाऊक होती. येथूनच त्यांनी तो कोचिनीलचा किडा मिळवला. गंमत पाहा: मूळ दक्षिण अमेरिकेचा हा कीटक तेव्हाच्या शास्त्रीय लेखनात ‘इंडिकस’, म्हणजे ‘भारतीय’, या नावाने वावरत होता.

१४/ डुलाक्का येथील प्रयोगकेंद्राची जबाबदारी डॉ. जीन व्हाइट या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीकडे होती. त्या काळी सरकारी संशोधनकेंद्र एखाद्या स्त्रीने चालवणे ही दुर्मीळ गोष्ट. त्यांनी शेकडो विषांची चाचणी घेतली आणि शिवाय हा ‘भारतीय’ किडा वाढवून सोडला. क्वीन्सलँडमधील मोनाकँथा निवडुंग त्याने काही वर्षांत झोपवला. पण मुख्य शत्रू, म्हणजे स्ट्रिक्टा, त्याने तोंडात धरला नाही. एका जातीवर जगणारा किडा दुसऱ्या जातीकडे ढुंकूनही पाहत नाही, हा धडा मिळाला. शिवाय कीटकाने तण मारता येते, याचा पुरावा ऑस्ट्रेलियाच्या मातीतच मिळाला. बूनार्गाच्या कथेत डॉ. व्हाइट यांचे नाव क्वचितच घेतले जाते. मला ते अन्यायाचे वाटते.

१५/ आपला पतंग याच दौऱ्यात पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात आला होता, हेही फारसे सांगितले जात नाही. ट्रायन आणि जॉन्स्टन यांनी १९१४ मध्ये अर्जेंटिनातील ला प्लाता येथून कॅक्टोब्लास्टिसच्या अळ्या आणल्या. त्यांची प्रजा वाढण्यापूर्वीच त्या संपल्या. मग महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. या पतंगाचा ऑस्ट्रेलियातील इतिहास विजयाने नव्हे, अकरा वर्षांच्या विलंबाने सुरू होतो, आणि त्या अकरा वर्षांत निवडुंग दरसाल सुमारे दहा लाख एकर पुढे सरकत राहिला.

१६/ १९२० मध्ये केंद्र सरकार, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांनी मिळून निवडुंग मंडळ स्थापले. त्याच्या शास्त्रज्ञांनी अमेरिका खंडात निवडुंगावर जगणाऱ्या सुमारे दीडशे कीटकजातींचा अभ्यास केला. त्यांपैकी अ‍ॅलन डॉड हा तरुण कीटकशास्त्रज्ञ अर्जेंटिनात गेला आणि १९२५ मध्ये त्याने कॅक्टोब्लास्टिसची सुमारे तीन हजार अंडी समुद्रमार्गे रवाना केली. वाटेत अळ्या निघणार, त्यांना ताजा निवडुंग लागणार, आणि एकही परजीवी सोबत येता कामा नये. दीर्घ समुद्रप्रवासात हे सांभाळणे सोपे नव्हते. मे महिन्यात माल ब्रिस्बेनला पोहोचला. या वेळी अळ्या जगल्या.

१७/ पुढचे आकडेच बोलतात. पहिल्या पिढीने लाखभर अंडी दिली, दुसरीने पंचवीस लाखांच्या आसपास. १९२६ च्या सुरुवातीला पतंग मोकळ्या रानात सोडला गेला. मग अंड्यांच्या काड्या कागदी नळ्यांत भरून, पेट्यांत रचून शेतकऱ्यांना वाटल्या जाऊ लागल्या. शेतकऱ्याने एवढेच करायचे: नळी टाचणीने फड्याला टोचायची आणि पुढच्या झाडाकडे जायचे. अशा रीतीने काही वर्षांत दोनशे कोटींहून अधिक अंडी रानोमाळ पोहोचली. ज्या हातांनी आजवर विषाच्या पिचकाऱ्या धरल्या होत्या, त्यांनी आता टाचण्या धरल्या.

१८/ १९३० ते १९३२ या काळात ती जंगले कोसळली. मैलोन्‌मैल उभा असलेला हिरवा तट काही महिन्यांत कुजून खाली बसला. मग एक धास्तीचा काळ आला. अन्न संपल्यामुळे पतंग प्रचंड संख्येने मेले आणि जमिनीखालच्या कंदांतून निवडुंग पुन्हा फुटू लागला. सगळे कष्ट वाया गेले, असे अनेकांना वाटले. पण उरलेल्या थोड्या पतंगांनी पुन्हा जोर धरला आणि ते कोवळे फुटवेही खाल्ले. १९३३ पर्यंत क्वीन्सलँडमधील दाट निवडुंगापैकी सुमारे ८० टक्के नाहीसा झाला होता. ओसाड पडलेल्या जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. बूनार्गाचे सभागृह त्या जमिनींवर परतलेल्या लोकांनी बांधले आहे.

१९/ भारतात हे काम या पतंगाने केले नाही. दख्खनच्या माळांवर आणि तमिळ प्रदेशात माजलेल्या निवडुंगाच्या जाती मोनाकँथाहून वेगळ्या होत्या. जुना किडा त्यांना शिवत नव्हता. १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची दुसरी, उत्तर अमेरिकी जात दक्षिण भारतात आणली गेली आणि पाच-सहा वर्षांत तिने हजारो एकर मोकळे केले. आजी-आजोबांच्या आठवणीतले निवडुंगाचे मोठाले बन आणि आज बांधावर उरलेली तुरळक झुडपे यांच्यामध्ये बहुधा हा पांढरा कापूस ल्यालेला किडा उभा आहे. पुढच्या वेळी फड्यावर तो कापूस दिसला, तर नखाने चिरडून पाहा. बोट किरमिजी होईल.

२०/ येथे कथा थांबली असती, तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण यशाची कीर्ती पसरली. १९३३ मध्ये पतंग ऑस्ट्रेलियातून दक्षिण आफ्रिकेला गेला. तेथे तो टिकला, पण काही जण जनावरांसाठी बिनकाट्याचा निवडुंग पीक म्हणून लावत; त्यांना हा पाहुणा शत्रूच वाटला. १९५० मध्ये तो हवाईला पोहोचला. १९५७च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस या इवल्याशा बेटावर त्याला नेण्यात आले. तेथे अतिचराईने उघड्या पडलेल्या कुरणांत निवडुंग माजला होता. पतंगाने तेथेही चोख काम केले आणि अहवालात ते यश म्हणून नोंदले गेले.

२१/ नेव्हिसमध्ये काय वेगळे होते? ऑस्ट्रेलियात आणि आफ्रिकेत एकही निवडुंग मूळचा नव्हता. पतंगाने कोणताही निवडुंग खाल्ला, तरी तो परकाच. नेव्हिसचे निवडुंग मात्र तेथलेच रहिवासी होते. चराईने त्यांना तणाचे रूप दिले होते. त्या बेटापासून उत्तरेला आणि पश्चिमेला बेटांची जी माळ जाते, ती फ्लोरिडाच्या आणि मेक्सिकोच्या दारापर्यंत पोहोचते. मेक्सिको तर निवडुंगाचे माहेरघर. परीक्षा घेताना अळी गहू खाते का, मका खाते का, असे विचारले गेले. ज्या देशात निवडुंग हेच अन्न आणि हेच वनवैभव आहे, तेथे काय होईल, हा प्रश्न नेव्हिसच्या निर्णयाला अडवू शकला नाही. नकाशा समोर होता. १९५७ साली हे न दिसणे मला अक्षम्य वाटते.

२२/ पतंग बेटामागून बेट ओलांडत पोर्तो रिको, हिस्पानिओला, क्यूबा येथे गेला. काही वेळा वाऱ्याने, काही वेळा माणसाच्याच मदतीने. रोपवाटिकांसाठी मागवलेल्या निवडुंगांत त्याच्या अळ्या मायामीच्या बंदरात वारंवार पकडल्या गेल्या. १९८९ मध्ये तो फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर सापडला. तेथे सेमाफोर नावाच्या अतिदुर्मीळ निवडुंगाची तेव्हा माहीत असलेली जेमतेम डझनभर झाडे उरली होती. पतंगाने त्यांनाही गाठले. अखेर झाडांना जाळीचे पिंजरे घालावे लागले. पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत तो २००९ मध्ये लुइझियानाला आणि नंतर टेक्सासला पोहोचला.

२३/ मेक्सिकोत फड्या निवडुंगाला नोपाल म्हणतात. कोवळ्या फड्यांची भाजी होते, बोंडे फळ म्हणून विकली जातात, दुष्काळात गुरे त्यावर जगतात. देशाच्या ध्वजावर गरुड बसला आहे तो नोपालवरच. म्हणून ऑगस्ट २००६ मध्ये ईस्ला मुहेरेस या बेटावर, मुख्य भूमीपासून काही किलोमीटरवर, हा पतंग आढळला तेव्हा सरकार हादरले. पुढच्या वर्षी तो शेजारच्या ईस्ला कॉन्तॉय बेटावरही निघाला.

२४/ पथकांनी घरोघरी, आवाराआवारांत फिरून निवडुंग तपासले. अळ्या लागलेली झाडे उपटून नष्ट केली, अंड्यांच्या काड्या हातांनी वेचल्या, मादीच्या गंधाचे सापळे टांगले. किरणोत्साराने वंध्य केलेले पतंगही सोडण्यात आले, म्हणजे रानटी पतंगांचे त्यांच्याशी मीलन होईल आणि अंडी फुकट जातील. हे पतंग प्रयोगशाळेत वाढवावे लागतात, तेही हजारोंनी आणि निगुतीने, जवळजवळ डॉडच्या माणसांनी वाढवले तसेच. २००९ मध्ये मेक्सिकोने दोन्ही बेटे पतंगमुक्त झाल्याचे जाहीर केले. टेक्सासच्या बाजूने तो येतो का, यावर पहारा अजून चालू आहे. आणि क्वीन्सलँडमध्ये अजूनही एखाद्या कुंपणाशी निवडुंग उगवला की काही दिवसांनी त्यावर एक काटा जास्तीचा दिसतो.